अंथरूण सोडविणाऱ्या परिचारिका

माणूस गंभीर आजारी झाला म्हणजे त्याने ‘अंथरूण धरले’ असे आपण म्हणतो, आणि त्यास उतार पडू लागला म्हणजे ‘आता उठून बसू लागला आहे’ असे सांगतो. आजारपण म्हणजे आडवे पडणे आणि आरोग्य म्हणजे उभे राहणे, ही समजूत आपल्या बोलण्यात अशी मुरलेली आहे. घरातील वडील मंडळी काय, शेजारीपाजारी काय, समाचारास येणारे आप्तेष्ट काय, सर्वांचा रुग्णाला एकच उपदेश असतो: ‘उठू नका, स्वस्थ पडून राहा.’ या उपदेशामागे माया असते, आणि काही वेळा त्यामागे शास्त्रही असते. मोडलेले हाड सांधेपर्यंत हलवू नये, हे कोणीही मान्य करील.

तथापि, या उपदेशाची मर्यादा कोठवर, याविषयी वैद्यकाचे मत पुष्कळ बदलले आहे. ज्याचा श्वासोच्छ्वास यंत्राच्या साहाय्याने चालला आहे, ज्याच्या अंगाला चार-पाच नळ्या जोडलेल्या आहेत, अशा अत्यवस्थ रुग्णासही प्रकृती स्थिरावताच शक्य तितक्या लवकर बिछान्यावर बसवावे, त्याचे पाय खाली सोडावेत, त्यास उभे करावे आणि साधल्यास चार पावले चालवावे, असा प्रघात गेल्या वीसएक वर्षांत जगातील अनेक रुग्णालयांत पडू लागला आहे. हे काम पुष्कळ अंशी परिचारिकांच्या हातून होते. त्यांच्या या कामाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि सगळी उमेद मुलांना लिहावयास-वाचावयास शिकविण्यात खर्च केली. तेव्हा जे सांगणार आहे, ते वैद्यकाच्या जाणत्यांनी लिहून ठेवलेले, आणि थोडेसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, एवढेच समजावे.

प्रथम हे पाहू की, नुसते पडून राहिल्याने शरीराचे काय होते. आपण उभे असतो तेव्हा रक्ताचा बराच भाग पायांकडे उतरलेला असतो. आडवे झालो म्हणजे तो छातीकडे येतो. अंगात पाणी जास्त झाले आहे असा शरीराचा समज होतो, आणि ते लघवीवाटे बाहेर टाकले जाते. काही दिवसांनी असा मनुष्य एकदम उभा राहिला की त्याचा रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. फुप्फुसांचा पाठीकडील भाग नीट फुलत नाही, त्यात कफ साचतो. पोटऱ्यांचे स्नायू हलत नसल्यामुळे रक्त संथ वाहते आणि त्यात गुठळी होण्याचे भय राहते. माकडहाडापाशी व टाचांवर भार पडून कातडी चिघळते. हाडांतील चुना झिजतो. आणि स्नायूंची गोष्ट तर विचारूच नये. लंडन येथील संशोधकांनी सन २०१३ मध्ये ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूंचे मोजमाप प्रसिद्ध केले. दहा दिवसांच्या आत त्या स्नायूची जाडी, म्हणजे त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, सरासरी शेकडा १७.७ ने घटले होते. या हानीत मूळ रोगाचा वाटा मोठा आहे, हे उघडच आहे. परंतु रोग स्नायू खात असताना त्या स्नायूला काहीच काम न देणे म्हणजे चोरापुढे घर उघडे टाकण्यासारखे आहे.

या दुबळेपणाची किंमत रुग्ण घरी गेल्यावर कळते. कॅनडातील टोरांटो येथील डॉक्टरांनी फुप्फुसांच्या अतिगंभीर विकारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला आणि त्याचे फलित सन २०११ मध्ये छापले. यांतील बहुतेक लोक ऐन कर्त्या वयाचे होते. त्यांची फुप्फुसे जवळजवळ पूर्ववत झाली होती. तरीदेखील पाच वर्षांनंतर सहा मिनिटांत ते जेवढे अंतर चालू शकत, ते त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाकडून अपेक्षित असलेल्या अंतराच्या शेकडा ७६ इतकेच भरले. जीव वाचला, पण जिना चढवेना, बाजारातून पिशवी आणवेना, कामावर परत रुजू होता येईना. घरच्यांना वाटते की आजार संपला. वास्तविक तो निराळ्या रूपाने घरी आलेला असतो.

अंथरुणाविषयीची ही शंका नवी नाही. शिकागो येथील शस्त्रवैद्य एमिल रीस यांनी सन १८९९ मध्येच, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना लवकर उठवावे, असे प्रतिपादन केले होते. त्यांचे तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्पितळांतील खाटा आणि शुश्रूषा करणारी माणसे दोन्ही अपुरी पडू लागली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर रुग्णास लवकर चालते करणे भागच पडले, आणि त्याने काही बिघडत नाही, उलट लाभ होतो, असे आढळून आले. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी सन १९४७ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात अंथरुणाच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. फुप्फुसे, रक्तवाहिन्या, कातडी, स्नायू, हाडे आणि शेवटी मन, अशी एकेक बाब घेऊन पडून राहण्याने तिची काय हानी होते हे त्यांनी थोडक्यात आणि मिस्किलपणे मांडले. पुढे सन १९५२ मध्ये बॉस्टन येथील सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या ८१ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. अशा रुग्णास चार-सहा आठवडे बिछान्यात निश्चल ठेवण्याची तेव्हा रीत होती. या दोघांनी त्यांना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसविले. रुग्ण दगावतील अशी धास्ती पुष्कळांना होती. ती खोटी ठरली.

मग अत्यवस्थ रुग्णांपर्यंत हा विचार पोहोचावयास आणखी अर्धे शतक का लागले? त्याचे कारण खुद्द यंत्रांत आणि औषधांत आहे. सन १९५२ मध्ये कोपनहेगन शहरात बालपक्षाघाताची भयंकर साथ आली. श्वास बंद पडत चाललेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने रबरी पिशवी दाबून त्यांना वारा पुरविला. असे सुमारे दीड हजार विद्यार्थी त्या कामी राबले. हे ज्यांच्या सल्ल्याने झाले, त्या ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी पुढल्या वर्षाच्या अखेरीस अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागाचा तो आरंभ समजतात. पिशवीची जागा यंत्राने घेतली. यंत्राशी रुग्णाची झटापट होऊ नये म्हणून गुंगीची औषधे आली, आणि हळूहळू ती इतक्या सढळ हाताने दिली जाऊ लागली की, रुग्ण दिवसचे दिवस निपचित पडून राहू लागला. अमेरिकेतील डेन्व्हर येथील फुप्फुसरोगतज्ज्ञ टॉमस पेटी यांनी सन १९९८ मध्ये याविषयी मोठ्या खेदाने लिहिले. सन १९६४ च्या सुमारास त्यांनी हे काम सुरू केले तेव्हा यंत्रावरील रुग्ण जागे असत, पुष्कळदा खुर्चीत बसलेले असत. आता मात्र विभागात फेरी मारताना सर्वत्र निश्चल देह दिसतात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. म्हणजे साधने वाढली आणि रुग्ण मात्र पूर्वीपेक्षा अधिक आडवा झाला.

ही गुंगी कमी करणे ही पहिली पायरी होती. शिकागो विद्यापीठातील डॉक्टरांनी १२८ रुग्णांवर केलेला एक प्रयोग सन २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांची गुंगीची औषधे रोज एकदा थांबवून त्यांना जागे होऊ दिले. असे रुग्ण सरासरी पाच दिवसांच्या आत यंत्रावरून सुटले. बाकीच्यांना सात दिवसांहून अधिक लागले. रुग्ण जागा झाला की पुढचा प्रश्न ओघानेच येतो: जागा आहे, तर त्याने पडून का राहावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मान बऱ्याच अंशी एका परिचारिकेकडे जातो. यूटा प्रांतातील सॉल्ट लेक सिटी येथे एल.डी.एस. नावाचे रुग्णालय आहे. तेथील श्वसनरोगांच्या अतिदक्षता विभागात पॉली बेली या अनुभवी परिचारिका काम करीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार दिवसांहून अधिक काळ यंत्रावर असलेल्या १०३ रुग्णांची हकीकत सन २००७ मध्ये प्रसिद्ध केली. या रुग्णांना बिछान्याच्या काठावर बसविणे, खुर्चीत बसविणे आणि चालविणे, असे मिळून १,४४९ प्रसंग त्यांनी नोंदले, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंग चालविण्याचे होते. घशात नळी असलेले रुग्णसुद्धा चालले. काही वावगे घडले असे प्रसंग शेकड्यास एकाहूनही कमी होते: कोणी गुडघ्यांवर बसला, कोणाचा रक्तदाब उतरला, एकाची अन्नाची नळी निघाली. श्वासाची नळी मात्र एकदाही निसटली नाही. जे वाचले त्यांतील शेकडा ६९ रुग्ण त्या विभागातून बाहेर पडताना शंभर फुटांहून अधिक चालत होते.

याच विभागाविषयी पुढल्या वर्षी आलेली दुसरी माहिती मला याहूनही बोलकी वाटते. इतर अतिदक्षता विभागांतून येथे हलविलेल्या १०४ रुग्णांचा त्यात विचार होता. येथे आल्यापासून दोन दिवसांत चालणाऱ्या रुग्णांची संख्या तिप्पट झाली. रोग तोच, रुग्ण तोच. दोन दिवसांत एखाद्याची प्रकृती अशी किती पालटणार? बदलली ती भोवतालच्या माणसांची रीत. शाळेतही हा अनुभव येतो. एका वर्गात मुके बसणारे मूल दुसऱ्या वर्गात चार दिवसांत बोलू लागते, तेव्हा मुलाची बुद्धी बदललेली नसते.

आता हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते सांगतो, कारण ऐकणारास ते धाडसाचे वाटण्याचा संभव आहे. सकाळी परिचारिका रुग्णाची पाहणी करते. हाक मारल्यावर तो डोळे उघडतो काय? सांगितलेले त्यास समजते काय? यंत्रातून द्यावयाच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण फार तर शेकडा ६० पर्यंत आहे ना? रक्तदाब टिकविण्यासाठी जोरदार औषधांची धार तर चालू नाही ना? सॉल्ट लेक सिटीच्या मंडळींनी घालून घेतलेले नियम साधारण असेच होते. यांत रुग्ण उतरला म्हणजे तयारी सुरू होते. श्वासाची नळी तोंडापाशी पक्की केली आहे हे पाहतात, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे देतात. शिरेतील नळ्यांना पुरेशी ढील देतात, लघवीची पिशवी सोडवून घेतात. मग खाटेची डोक्याकडील बाजू उचलतात. हातपाय हलवून घेतात. कुशीवर वळवून पाय खाली सोडतात आणि रुग्णास काठावर बसवितात. येथे थोडा वेळ थांबतात, कारण अंधारी यावयाची ती याच वेळी येते. त्यानंतर उभे करणे, जागच्या जागी पावले उचलणे, खुर्चीत बसविणे आणि चालविणे. चालताना एक जण यंत्र ढकलतो, दोघे बगलेत हात देतात, आणि एक जण मागून चाकाची खुर्ची घेऊन येतो, म्हणजे दम लागताच बसता यावे. मॉनिटरवरील आकडे बिघडले किंवा रुग्णाचा चेहरा उतरला की तेथेच थांबतात. चेहरा वाचणे हे यांत महत्त्वाचे आहे, आणि ते त्याच व्यक्तीला साधते जी त्या चेहऱ्यासमोर सारा दिवस उभी असते. डॉक्टर फेरीला येतात आणि जातात, फिजिओथेरपिस्ट ठरल्या वेळी येतो. परिचारिका मात्र तेथेच असते.

असा एक प्रसंग माझ्या पाहण्यात आला आहे. काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू न्यूमोनियाने अत्यवस्थ होऊन एका रुग्णालयात यंत्रावर होते. पाचव्या दिवशी भेटीच्या वेळी आम्ही आत गेलो, तर परिचारिका त्यांना बसविण्याच्या तयारीत होती. वहिनी व्याकुळ होऊन म्हणाल्या, “अहो सिस्टर, आधीच अर्धमेले झालेत ते. आता त्यांना कशाला त्रास देता?” ती मुलगी पंचविशीचीही नसेल. ती म्हणाली, “आजी, मी एकटी नाही उठवत, आम्ही चौघे आहोत. पाच मिनिटे बसवू. काही कमीजास्त वाटले तर लगेच निजवू. तुम्ही समोर उभ्या राहा, म्हणजे त्यांना बरे वाटेल.” आणि मग बंधूंच्या कानाशी वाकून, “आजोबा, आता पाय खाली सोडायचे हं,” असे तिने सांगितले. त्यांची मान डुगडुगत होती, ती तिने तळहाताने सावरून धरली. दोन-तीन मिनिटे ते तसे बसले. बोलता येत नव्हते म्हणून त्यांनी बोटांनी लिहिण्याची खूण केली. पाटीसारखा पुठ्ठा आणि पेन्सिल दिली, तेव्हा वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिले: ‘आज वार कोणता?’ चार दिवस ज्या माणसाला दिवस व रात्र यांचा भेद उरला नव्हता, त्याला वाराची चौकशी करावीशी वाटली. ते औषधांनी वाचले, यात संशय नाही. परंतु ते माणसांत परत आले ते त्या काठावर बसले तेव्हा, असे मला वाटते.

हे केवळ माझे वाटणे नव्हे. शिकागो व आयोवा येथील १०४ रुग्णांवरील एक काटेकोर प्रयोग सन २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना यंत्रावर असतानाच फिजिओथेरपिस्ट आणि त्यांच्या जोडीदारांनी रोज हालचाल करविली, त्यांतील शेकडा ५९ रुग्ण रुग्णालय सोडताना स्वतःचे अंघोळ, कपडे, जेवण आणि चालणे स्वतः करू शकत होते. नेहमीच्या रीतीने ठेवलेल्यांत हे प्रमाण शेकडा ३५ होते. अशा रुग्णांना जो भ्रम होतो, तोही निम्म्या दिवसांत ओसरला. विन्स्टन-सेलम येथे परिचारिका, तिची मदतनीस आणि फिजिओथेरपिस्ट अशा तिघांचे पथकच नेमले होते. त्यांच्या रुग्णांनी सरासरी पाचव्या दिवशी अंथरूण सोडले. इतरांना अकरा दिवस लागले.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. चांगली गोष्ट जास्त केली म्हणजे जास्त चांगली होते, असे नाही. सन २०२२ मध्ये सहा देशांतील ४९ रुग्णालयांत ७५० रुग्णांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेथे एका गटाला नेहमीसारखी हालचाल दिली, ती दिवसास सरासरी नऊएक मिनिटे भरली. दुसऱ्या गटाला अधिक जोराने, सुमारे २१ मिनिटे दिली. सहा महिन्यांअखेर दुसऱ्या गटाचा अधिक लाभ झालेला दिसला नाही; उलट हृदयाचे ठोके बिघडणे, रक्तदाब उतरणे असे प्रकार पहिल्या गटात शेकडा ४.१ तर दुसऱ्यात ९.२ रुग्णांत घडले. यावरून हालचाल निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये, कारण पहिला गटही निश्चल नव्हता. बोध एवढाच की, मात्रा राखली पाहिजे. रुग्णाला आज किती पेलेल हे ठरविण्यातच परिचारिकेची परीक्षा आहे. न उठविणे सोपे, आणि ओढून उठविणेही सोपे. कठीण आहे ते रोज पाहून ठरविणे.

आणि हे सर्वत्र होते, असेही नाही. पीटर नीडाल या जर्मन परिचारकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या देशातील ११६ अतिदक्षता विभागांची एकाच दिवशी पाहणी केली, आणि ती सन २०१४ मध्ये छापली. यंत्रावरील ७८३ रुग्णांपैकी त्या दिवशी अंथरुणाबाहेर आले ते शेकडा २४. आणि तोंडावाटे नळी घातलेल्यांत तर शेकडा ८ च. जर्मनीसारख्या संपन्न देशाची ही स्थिती, तर आपल्याकडे काय सांगावे? एका रुग्णाला उभे करण्यास चार माणसे वीस-पंचवीस मिनिटे लागतात. जेथे एकाच परिचारिकेवर दोन-तीन अत्यवस्थ रुग्णांचा भार आहे, तेथे तिला रुग्ण उठविता येत नाही याचा दोष तिच्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. रुग्णालये नवी यंत्रे घेतल्याची जाहिरात करतात. दर पाळीला किती परिचारिका असतात, हे आपण कधी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे, कारण यंत्र श्वास देईल, पण बगलेत हात देणार नाही.

शेवटी, आपल्या घरातील माणसावर असा प्रसंग आला तर आपण काय करावे? रुग्णाचा चष्मा आणि कानाचे यंत्र नेऊन द्यावे. ज्याला दिसत नाही व ऐकू येत नाही, तो उठण्यास बिचकतो आणि लवकर भ्रमतो. तो पूर्वी कसा चालत असे, काठी घेत असे काय, कोणता गुडघा दुखतो, हे परिचारिकेस आपण होऊन सांगावे. ती त्यास बसवू लागली तर हात धरून अडवू नये, समोर उभे राहून धीर द्यावा. आणि तीन-चार दिवस लोटले तरी कोणी उठविण्याची गोष्ट काढली नाही, तर नम्रपणे विचारावे, “सिस्टर, आज यांना बसविता येईल का?” त्यावर ‘आज नाही’ असे उत्तर आले, तर त्याचे कारण विचारून घ्यावे, आणि तेही तितक्याच विश्वासाने ऐकावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा विचारावे.